गाडी जाईपर्यंत

ये गं सोनल, अशी जवळ सरक. कागदावर असलीस तरी सरक. आणि आधी मला एक सांग, परवा तू फोन का ठेवलास? मी तुझ्या लेकीचं, चिऊचं ऐकत होते, मध्येच मालगाडी आली म्हणून गप्प झाले, तर तिकडून तुझं "आजी, ऐकू येतंय का, आजी" आणि मग टुक् करून बंद. मालगाडी गेल्यावर "मग चिऊ काय म्हणाली?" असं मी विचारलं ते भिंतीला. इतकी वर्षं तू माझ्याकडं येतेस-जातेस, दौंडातलं माणूस गाडी आली की थांबतं आणि गेली की पुढचं बोलतं, एवढं कळायला नको? कारेगावात कंपनीचा भोंगा झाला की तुम्ही पळता, तसं आमचं हे थांबणं. बरं, रागावले नाही. पण तू जे घाईत सांगितलंस ते मनात राहिलं. चिऊला गॅदरिंगच्या नाचात घेतलं नाही, पडद्यामागं कपडे आणि पिना सांभाळायला ठेवलं, आणि पोर रडून रडून झोपली. म्हणून आज वही काढली. आत्तापर्यंत या वहीत मी माझ्या आठवणी सरळ ओळीनं लिहीत आले, आज ती ओळ मोडते आणि दौंडच्या पहिल्या वर्षाचं लिहिते. चिऊला वाचून दाखव. तिला कंटाळा आला तर तू तरी वाच.

आमच्या न्हावऱ्यात तेव्हा मुलींना सातवीच्या पुढं शिकायची सोय नव्हती. माझी आत्या, म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिचे यजमान सांधेवाले होते, गाडी ज्या रुळावर न्यायची त्या रुळाचा खटका ओढणारे. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. आत्याला मूलबाळ नव्हतं, ती आप्पांच्या मागंच लागली की इंदूला माझ्याकडं द्या. आप्पा बोलायला फार कमी. बैलांशी बोलतील तेवढंच, घरात हुं आणि बरं. माझी पत्र्याची ट्रंक त्यांनी स्वतः एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून म्हणाले, "एक वरीस. मग बघू." आप्पांचं 'मग बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जी गोष्ट नाही म्हणायची तिला ते 'मग बघू' म्हणायचे. म्हणजे वर्ष झालं की ट्रंक परत न्हावऱ्याला, हे मी धरूनच चालले होते. टपावर ट्रंक आणि खिडकीत मी, असं माझं दौंडला जाणं झालं.

आत्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं, दगडी, काळं पडलेलं. शेगडीत लाकडाऐवजी कोळसा, त्यामुळं भाकरीलासुद्धा एक इंजिनाचा वास यायचा आणि पहिले आठ दिवस मला ती गिळेना. मग अशी सवय झाली की सुट्टीत घरी गेले तर आईची चुलीवरची भाकरी मला अळणी लागायला लागली, आणि हे मी आईला बोलून दाखवलं, केवढी चूक. आत्या शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटायची, आणि वाटता वाटता सगळ्या चाळीच्या बातम्या सांगायची. मध्येच गाडी यायची. भिंती थरथरायच्या, फळीवरची पितळी भांडी किणकिण करायची, आणि आत्याचा वरवंटा आणि जीभ दोन्ही जागच्या जागी थांबायचं. गाडी गेली की वरवंटाही चालू आणि बातमीही, तिथूनच, त्याच शब्दापासून. एकदा नळावर आत्याचं आणि शेजारणीचं भांडण चाललं होतं. दोघी पदर खोचून, हात कमरेवर. "तुझ्या घागरीला काय सोन्याचा" इथपर्यंत शेजारीण आली आणि मालगाडी आली. दोघी तशाच उभ्या. एकमेकींकडं बघतायत, पण गप्प. डबे संपले, गार्डाचा डबा गेला, तशी शेजारीण म्हणाली, "मुलामा दिलाय का?" आणि भांडण पुढं चालू. मला हसू आवरेना, तर दोघी मिळून माझ्यावरच उलटल्या.

मला हे थांबणं जमायचं नाही. मी शेतातली पोर. आमच्याकडं या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची म्हणजे वारा असो, इंजिन असो, पाण्याचा पाट खळखळत असो, आवाज त्याच्यावर चढवायचा. गाडी आली की दौंडातली सगळी माणसं गप्प आणि मी एकटी ओरडतेय, असं चालायचं. मामा कानावर हात ठेवायचे आणि नंतर शांतपणे म्हणायचे, "इंदे, गाडीशी कशाला भांडतीस? ती जाणारच हाय."

आता रूथबाईंचं सांगते. आमच्या चाळीच्या टोकाला एक गार्डसाहेब राहायचे, त्यांची ही बायको. माहेर शिरूरचं, चर्चच्या आवारातलं. त्यांचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. बाई रेल्वेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या, आणि संध्याकाळी यार्डाला लागून असलेल्या करमणुकीच्या हॉलमध्ये मुलींना नाच शिकवायच्या. उंच, सडपातळ, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. त्यांच्याकडं चावी द्यायचा एक पेटीतला फोनो, म्हणजे ग्रामोफोन, होता आणि सात-आठ तबकड्या. घरी गेलं की गुळाचा केक मिळायचा, तव्यावर वाळू तापवून त्यात डबा ठेवून केलेला, खालून थोडा करपलेला. जेवणाआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या, आणि गाडी आली तर प्रार्थनासुद्धा थांबायची. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ताटातलं निवतंय, आणि बाई देवाशी बोलायच्या मध्ये थांबल्यात. मी एकदा विचारलं, देवाला गाडीतूनही ऐकू येत असेल की. तर म्हणाल्या, "त्याला येतं गं. मला माझं ऐकू येत नाही."

नाचाला मी पहिल्याच आठवड्यात गेले आणि दुसऱ्या आठवड्यात मला रांगेतून बाहेर काढलं. पाय जड नव्हते माझे, ताल होता, पण खोड तीच. हॉलच्या खिडकीपासून रूळ दहा-बारा पावलांवर. गाडी आली की तबकडी ऐकूच यायची नाही, म्हणून बाईंनी मुलींना शिकवलं होतं की शिट्टी झाली की जशा असाल तशा थांबायचं. हात वर तर वर, पाय उचललेला तर उचललेला, नजर जिथं असेल तिथंच. गाडी गेली की तिथून पुढं. आठही मुली रेल्वेच्या, त्यांच्या अंगातच ते होतं. पुतळ्यासारख्या उभ्या राहायच्या. आणि मी दोन पावलं पुढं जाऊन शेजारच्या शकूला धडकायची. शकूचा बाप फायरमन, ती फटकळ. म्हणाली, "बाई, हिला ब्रेकच न्हाई."

मी रडले, सोनल. चिऊ रडली तशीच. मला वाटलं, एकच तर वर्ष आहे हातात, आणि त्यातही मला कोपऱ्यात बसवलं. बाईंनी मला फोनोजवळ नेलं. म्हणाल्या, इंदू, तू थांबायचं नाहीस, तू थांबवायचंस. शिट्टी झाली की एका हातानं तबकडीचा खटका दाबायचा आणि दुसऱ्या हातानं पिन सरळ वर उचलायची. केसाएवढीच. आणि गाडी जाईपर्यंत तो हात हवेत तसाच धरायचा, कोपर पेटीवर टेकवून. हात हलला तर पिन दुसऱ्या रेघेवर बसते आणि गाणं पुढं उडी मारतं, नाहीतर मागं येतं, आणि मग आठजणी आठ ठिकाणी. सोपं वाटतं ना? मालगाडी लांबच लांब. पहिला महिना मी रोज चुकले. मग मी डबे मोजायला लागले. डबे मोजले की हात विसरायचा की तो हात आहे. दिवाळीपर्यंत मी पिन अशी परत ठेवायची की गाणं म्हणणारी बाई ज्या शब्दावर थांबली त्याच शब्दाचं उरलेलं अर्धं म्हणायची. आणि मग एक दिवस आत्याच्या लक्षात आलं की घरातही मी गाडी आली की गप्प होते. तिनं शेजारणीला बोलावून दाखवलं.

कोपऱ्यात बसून मला आणखी एक दिसलं, जे रांगेत असते तर दिसलं नसतं. बाईंनी एक मोठा नाच बसवला होता, पेरणीपासून मळणीपर्यंतचा. पण या रेल्वेच्या मुली, त्यांनी ज्वारी पाहिली ती डब्यातली. विळा धरायच्या तो भाजी चिरायची सुरी धरल्यासारखा. मी दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, "बाई, अशी कापली तर आधी बोट जाईल." बाईंनी नाच थांबवला आणि मला मध्ये उभं केलं. मग मी दाखवलं, डाव्या मुठीत ताटं कशी धरायची, विळा बाहेरून आत कसा ओढायचा, कंबर कुठून वाकवायची म्हणजे दिवसभर वाकता येतं. बाईंनी पावलं बदलली. शकू म्हणाली, "मास्तरीण आली न्हावऱ्याची," पण विळा तिनं नीट धरला. पुठ्ठ्याचे विळे मीच कापले, चहाच्या पुड्यातली चांदी त्यांना डकवली. केसांच्या पिना कुणाच्या किती, कुणाच्या परकराची नाडी तुटते, कुणाला काजळ लागलं की डोळे चोळायची सवय, सगळं माझ्याकडं. तबकडी इतक्यांदा ऐकली की आठही जणींची पावलं मला पाठ होती. रात्री अंथरुणात पायांची बोटं आपली चालायची.

वर्ष संपत आलं. बाईंच्या माहेरी, शिरूरच्या त्या आवारातल्या शाळेनं मुलींचा कार्यक्रम ठेवला, भर दुपारी, बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यापाड्यातल्या लोकांनाही बघता येईल. मी घरी पत्र लिहिलं. आप्पांचं उत्तर आलं ते गावातल्या मास्तरांच्या अक्षरात, दोन ओळी. बाजाराला कांदा घेऊन बैलगाडी आणतोच आहे, कार्यक्रमाला येईन, इंदूनं ट्रंक घेऊनच शिरूरला यावं. बास. आत्यानं ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि दोन दिवस चटणीत मीठ जास्त पडत होतं. रूथबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ट्रंक आण. फोनो ठेवायला काहीतरी लागेलच."

तर अशी आमची वरात एसटीनं निघाली. आठ मुली, बाई, आत्या, मी, फोनो मांडीवर, आणि टपावर माझी ट्रंक. गाडी न्हावऱ्यावरूनच जाते. आमच्या थांब्यावर आई उभी होती, म्हैस व्यायला झालेली म्हणून तिला येता येत नव्हतं. खिडकीतून तिनं फडक्यात बांधलेल्या दशम्या दिल्या, माझ्या गालावरून हात फिरवला, टपावरच्या ट्रंकेकडं बघितलं आणि म्हणाली, "सांजच्याला वाट बघते." एसटी सुटली. आत्यानं तोंड दुसऱ्या खिडकीकडं केलं. मी फोनो घट्ट धरला. त्या आवाजात, त्या धक्क्यात मला एकच कळत होतं, आजची संध्याकाळ चुलीच्या भाकरीची आहे, आणि उद्यापासून यार्डातली शिट्टी नाही, हॉल नाही, शाळा नाही.

इकडं शकूला एसटी लागली. आगगाडीच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरगी, जन्मात कधी गाडी लागली नव्हती, पण एसटीच्या वळणांनी तिचा पार निकाल लावला. शिरूरला उतरलो तर चर्चच्या आवाराबाहेर रस्त्याचं काम चाललेलं, खडीचे ढीग, डांबराचे पिंप, आणि एक वाफेचा रोलर, भलामोठा, मालक जेवायला गेल्यासारखा थंड उभा. शकू त्याच्याच चाकाला धरून ओकली. आमच्या मुलींना त्या रोलरचं भारी कौतुक, इंजिनासारखंच धुराडं आहे, शिट्टी पण आहे म्हणून हात लावून बघतायत. शकूला आवारातल्या विहिरीच्या कठड्यावर बसवलं, लिंबू चोखायला दिलं, पण तिला उभं राहता येईना. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "बाई, मग पिन कोण उचलेल?"

"मी उचलते," आत्या म्हणाली. "न्हाईतरी हितं कुठली गाडी यायची हाय?"

शिरूरला रेल्वे नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मी आत्याला ट्रंकेसमोर बसवून दहा वेळा शिकवलं. खटका असा, पिन अशी, कोपर इथं. शकूचा परकर मला आखूड झाला, तिनं विहिरीवर बसल्या बसल्या त्याची शिलाई उसवून दिली, आणि पिवळ्या पडलेल्या तोंडानं म्हणाली, "धडकू नको कुणाला."

कार्यक्रम शाळेच्या मोठ्या खोलीत, आणि पडदा म्हणजे तारेला अडकवलेल्या चार चादरी. फटीतून मी बघितलं. पुढं शाळेची पोरं, मग आवारातल्या बायका, आणि मागं बाजाराहून आलेले शेतकरी, पायांना अजून माती. आप्पा कडेला बसले होते, भिंतीला टेकून, फेटा काढून गुडघ्यावर ठेवलेला. पहिल्या तीन नाचांत शकूचं काम नव्हतं, ते मी मागं राहूनच केले, म्हणजे पिना लावल्या, नाड्या बांधल्या, कागदी तुरे बदलले. मग कापणीचा नाच आला आणि मी शकूच्या जागी, रांगेच्या टोकाला, आप्पांच्या अगदी समोर.

पेरणी झाली, खुरपणी झाली. मागं बसलेले शेतकरी माना हलवत होते, एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता की पोरींनी मूठ नीट धरलीय. मला असं बरं वाटत होतं. मग आम्ही कापणीला वाकलो, डावी मूठ पुढं, विळा आत ओढलेला, आणि बाहेर शिट्टी झाली.

रोलरवाला जेवून आला होता. शिट्टी झाली, मागोमाग ती घरघर सुरू झाली, शाळेची कौलं थरथरली, आणि आम्ही आठही जणी जागच्या जागी थांबलो. कुणी विचार केला नाही, विचार करायला वेळच कुठं होता. अंगानं ऐकलं आणि अंग थांबलं. आणि पडद्यामागं आत्यानं, पंचवीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माझ्या आत्यानं, खटका दाबून पिन वर उचलली.

मलाच आधी कळलं की ही गाडी नाही. गाडी जाते. हा रोलर खिडकीसमोरून पुढं गेला, शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पोचला, आणि तिथून उलटा परत आला. मग पुन्हा पुढं. त्याला कुठं जायचंच नव्हतं. पलीकडच्या बाजूला, चादरीआड, रूथबाई हातांनी खुणा करत होत्या, पण आत्या या बाजूला, आणि तिची नजर पिनेवर खिळलेली, मीच तशी शिकवली होती. बाईंना तिच्यापर्यंत यायचं तर रंगमंच ओलांडून यावं लागलं असतं. तबकडीशिवाय पुढचं पाऊल कुणाला टाकता येईना. शेजारच्या मुलीची पोटरी लटलटताना मला दिसत होती, तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला होता, पण ती हलली नाही. कुणीच हललं नाही. लोक आधी कौतुकानं बघत होते, मग कुजबुजले, मग मागनं कुणीतरी म्हणालं, "बाया भाकरीला थांबल्या जनू," आणि सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते पुढं सरकून बसले होते आणि एकेका मुलीकडं बघत होते, बाजारात बैल बघतात तसं, सावकाश.

मला वाटलं, झालं. हेच बघून आप्पा मला घेऊन जाणार, आणि गावात सांगणार की दौंडला पोरींना नुसतं उभं राहायला शिकवतात. रोलर तिसऱ्यांदा परत आला. आणि मग माझ्या आत जी जुनी न्हावऱ्याची पोर होती, गाडीशी भांडणारी, ती उठली. मला भलरी येत होती. कापणीला माणसं लागली की एकानं सूर धरायचा, बाकीच्यांनी झेलायचा, त्याच्यावर विळे चालायचे, ते गाणं. लहानपणापासून आप्पांच्या मागं काकरीत, पेरणीच्या रेघेत चालून ती माझ्या कानात बसलेली. वाकलेल्या अवस्थेतच मी तोंड उघडलं. पहिली ओळ घोगरी निघाली, दुसरी चढली, रोलरच्या वर चढली. पण भलरीचं असं आहे की झेलणारा नसला तर म्हणणारा उघडा पडतो. मुलींना ती येत नव्हती. मी ओळ टाकली आणि ती तशीच हवेत राहिली, माझ्या पिनेच्या हातासारखी. रोलर घरघरतोय, मला दुसरं काही सुचत नाही. मी पुन्हा तीच ओळ टाकली.

ती भिंतीजवळून झेलली गेली. जाड, खर्जातला आवाज, जो मी घरात कधी ऐकला नव्हता, फक्त शेतात. आप्पा उठले नाहीत, फेटाही गुडघ्यावरच, पण तोंड उघडून, गळ्याच्या शिरा ताणून झेलत होते. पुढच्या ओळीला त्यांच्या शेजारचे दोघं, आणि त्याच्या पुढच्या ओळीला मागची सगळी माणसं. एका बाजारभरच्या शेतकऱ्यांपुढं रोलर कुठं टिकतो. मी विळा ओढला, शेजारणीनं ओढला, आणि रांग चालायला लागली. भलरीवर आम्ही सगळी कापणी केली, खरी करतात तशी, ओळीनं मागं सरकत. एवढा आवाज कसला म्हणून रोलरवाल्यानं रोलर थांबवला आणि खिडकीशी येऊन उभा राहिला, कोळशानं काळं झालेलं तोंड गजांत घालून.

रोलर थांबला तशी आत्याला वाटलं गाडी गेली. तिनं पिन खाली ठेवली. सोनल, तुला खोटं वाटेल, पण ज्या शब्दावर उचलली त्याच शब्दावर ठेवली. एवढा वेळ तिचा हात तसूभर हलला नव्हता. भलरी ओसरली, तबकडी पुढं चालू झाली, आणि मळणीचा नाच आम्ही बाईंनी बसवला तसा, चूक न करता संपवला.

नंतर मागं एकच गोंधळ. मुली पोटऱ्या चोळत बसल्या होत्या, शकू विहिरीवरनं उठून आली होती आणि तिच्याशिवाय हे सगळं झालं म्हणून भांडत होती, आत्या सगळ्यांना आपला हात दाखवत होती. बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात चादर बाजूला करून आप्पा आत आले. त्यांनी फेटा बांधला होता, म्हणजे निघायच्या तयारीत. त्यांनी ट्रंक बघितली, ट्रंकेवरचा फोनो बघितला, आणि मला विचारलं, "त्या मधी थांबल्या त्या कशापायी?"

मी सांगितलं. खाली मान घालून, शिट्टीचं, रुळांचं, तबकडीचं, सगळं. वाटलं, आता म्हणतील खुळ्या आहात. त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले, पिन किती वर धरायची आणि पापणी हलवलेली चालते का. मग आत्याकडं बघून म्हणाले, "भलरी तर काय, कुणीबी म्हनंल. माझ्या रानात बारा माणसं असत्यात. पानी प्यायला सुदिक बारा जणं येका वक्ताला थांबत न्हाईत." आणि मग मला, "ही आठव्या नंबरची तूच व्हतीस नव्हं? तू थांबलीस?"

"थांबले," मी म्हणाले.

"हुं," आप्पा म्हणाले.

त्यांनी फोनो दोन्ही हातांनी उचलला, तान्हं मूल उचलावं तसा, आणि बाईंच्या हातात दिला. ट्रंक खांद्यावर घेतली आणि बाहेर पडले. त्या आवाराला दोन फाटकं होती. एक बाजाराच्या अंगाला, तिकडं बैलगाड्या सोडलेल्या. दुसरं एसटी स्टँडच्या अंगाला. मी त्यांच्या मागं चालत होते, आत्या माझ्या मागं. विहिरीपाशी वाट फुटते. तिथं आप्पा थांबले. ट्रंक या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. आणि स्टँडकडं वळले.

स्वतः टपावर चढून त्यांनी ती बांधली, दोरीला दोनदा गाठ मारली. खाली उतरून हात झटकले आणि म्हणाले, "आवाज घरचाच हाय, त्यो कुठं जात न्हाई. थांबायचं तेवढं नीट शिकून ये." वर्षाचं काही बोलले नाहीत, मग बघू पण म्हणाले नाहीत. मी म्हणाले, आई सांजच्याला वाट बघतेय. तर म्हणाले, "तिला मी सांगतो." एसटी न्हावऱ्याच्या थांब्यावर थांबली तेव्हा आई तिथंच उभी होती, रिकाम्या हातांनी. मी खिडकीतून सगळं भरभर सांगून टाकलं. तिनं आधी टपाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "मग दशम्यांचं फडकं तरी दे माघारी." ते देताना मी तिचा हात धरला, तो तिनं एसटी हलेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर मी दौंडलाच शिकले, दौंडलाच दिली गेले, आणि रूथबाई थकल्यावर त्या हॉलमध्ये मुलींना मीच नाच शिकवला, वीसेक वर्षं तरी. प्रत्येक नव्या मुलीला आधी महिनाभर फोनोजवळ बसवायची. आया येऊन भांडायच्या, आमच्या मुलीला कोपऱ्यात का बसवलं म्हणून. मी त्यांना काही समजवायला जात नसे. महिनाभरानं मुलीच समजावून सांगायच्या. आता इंजिनं विजेची झाली, पुण्याच्या गाड्याही अशा हळूच येतात की भांडी किणकिणत नाहीत. तरी मी थांबते. सवय कुठली जाते, आणि घालवायची तरी कशाला.

बाईंनी जाताना तो फोनो मला दिला. अजून आहे, त्याच ट्रंकेवर. चावी दिली की वाजतो, आवाज थोडा नाकात येतो एवढंच. तेव्हा चिऊला सांग, पणजीला पडद्यामागचं एक माणूस पाहिजे आहे. गॅदरिंगच्या आधी दोन दिवस तिला माझ्याकडं सोड. दोन दिवस कशाला, तूही ये, रजा टाक, कंपनी काही बुडत नाही. शनिवारी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल, पाट्यावरची चटणी करून ठेवते. येताना फोन करायची गरज नाही, मी घरीच असते. फक्त बोलता बोलता मी गप्प झाले तर घाबरून उठू नकोस. शेजारी बसून राहा, चिऊला डबे मोजायला सांग, आणि गाडी गेली की जे सांगत होतीस ते तिथूनच पुढं सांग. परवाचं अजून राहिलंय. चिऊ काय म्हणाली?